मीटिंगच्या आधीची मीटिंग

"मी बुवा ऑफिसच्या राजकारणात पडत नाही" हे वाक्य मी १५ वर्षं मिरवलं. आपण चोख काम करायचं, काम आपोआप बोलतं, असा माझा समज. काम बोलत नाही हो. ते फाईलमध्ये गप्प पडून राहतं.

ऑर्डर तपासायची पद्धत बदलायचा माझा एक प्रस्ताव होता. तीन आठवडे खपून केलेल्या २२ स्लाइड्स. चौथ्या स्लाइडवर अकाउंट्सच्या प्रमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे आकडे आमच्याकडून घेतलेत का?" घेतले होते, पण त्यांच्या हाताखालच्या मुलाकडून. त्यांच्या खात्याचं काम वाढणार हे त्यांना चारचौघांत, पडद्यावर पहिल्यांदा कळत होतं. उरलेल्या १८ स्लाइड्स कुणी पाहिल्याच नाहीत. "बघू पुढच्या महिन्यात," मोठे साहेब म्हणाले. ऑफिसातल्या 'बघू'चा अर्थ तुम्हाला ठाऊक आहेच.

कित्येक दिवस मी त्या माणसाला खडूस म्हणत फिरलो. चूक माझी होती हे पचायला बराच वेळ लागला.

जपानी कंपन्यांत यासाठी शब्दच आहे, 'नेमावाशी'. मूळचा बागकामातला. झाड हलवायचं तर आधी मुळांभोवती खणून त्याला तयार करायचं. तसंच प्रस्तावाचं. ज्याला ज्याला त्याची झळ लागणार त्याला आधी एकेकटं गाठायचं, कुरकुर ऐकायची, जमेल तिथे बदल करायचा. मीटिंग उरते ती शिक्क्यापुरती.

ऑफिसच्या राजकारणातलं हे कौशल्य मोजायला व्यवस्थापनाचे अमेरिकी अभ्यासक जेराल्ड फेरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १८ विधानांची प्रश्नावली मांडली. त्यात चार गोष्टी पाहतात: माणसं ओळखणं, समोरच्यावर छाप पाडणं, ओळखी जोडणं आणि प्रामाणिक वाटणं. चौथ्यापाशी मी अडखळलो. 'वाटणं'? मग असण्याचं काय? राजकारण म्हटलं की नाक मुरडलं जातं ते इथेच. मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. एकाला दार लावून जे सांगितलं, तेच दुसऱ्यासमोर तसंच्या तसं सांगता येतंय का? येत नसेल तर मी कारस्थान करतोय. (दोनदा नापास झालोय. तपशील विचारू नका.)

आता माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे. कामात माझ्यापेक्षा तल्लख, पण मीटिंगमध्ये तोंड उघडणार नाही. मागच्या आठवड्यात तिच्या प्रस्तावाची प्रिंट देऊन तिला त्याच अकाउंट्सच्या साहेबांकडे पाठवलं, मुद्दाम एकटीला. वीस मिनिटांनी पडेल चेहऱ्याने परत आली. कागदावर लाल पेनाच्या रेघोट्या.

"सर, त्यांनी सगळा तिसरा रकाना खोडला."

मी कागद हातात घेतला. खोडलेल्या प्रत्येक आकड्याशेजारी, त्यांच्या बारीक तिरक्या अक्षरात, नवा आकडा लिहिलेला होता.