उसवलेला बिल्ला

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर परत तेच फॉरवर्ड. सुनीता विल्यम्सचा फोटो, खाली "नऊ महिने अंतराळात अडकलेली आपली लेक". मी अंगठा देऊन पुढे जाणार, तेवढ्यात एका काकांची कॉमेंट दिसली. "नशिबाने न्यायला आलेल्या यानात दोन खुर्च्या रिकाम्या होत्या."

नशिबाने! चहा तसाच राहिला माझा.

काका, त्या खुर्च्या रिकाम्या नव्हत्या, रिकाम्या केल्या होत्या. झीना कार्डमन आणि स्टेफनी विल्सन यांच्या होत्या त्या. झीना तर क्रू-9 ची, म्हणजे न्यायला आलेल्या त्याच मोहिमेची, कमांडर. सुनीता ज्या यानातून वर गेली त्या स्टारलायनरचे थ्रस्टर (दिशा देणारी छोटी इंजिनं) रुसले, हेलियम गळायला लागला, तो घोळ निस्तरेपर्यंत क्रू-9 चं उड्डाण ऑगस्ट 2024 वरून सप्टेंबरवर गेलं. आणि जायला महिना उरलेला असताना या दोघींना सांगितलं, तुम्ही थांबा. 28 सप्टेंबरला निक हेग आणि अलेक्सांद्र गोर्बुनोव असे दोघंच गेले. विल्सन या आधी 2010 मध्ये वर गेली होती. चौदा वर्षांनी नंबर लागला होता तिचा. नशीब म्हणे.

हो, निर्णय बरोबर होता. वर सुनीता आणि तिचा जोडीदार बुच विल्मोर अशी दोन माणसं होती, त्यांना आणायला दोन जागा लागणारच. मान्य. पुढे.

मला हे इतकं का झोंबलं, ते आमच्या घरचे ओळखतील. 1974 साली आई जिल्ह्याच्या खो-खो संघात निवडली गेली होती. बारा मुली, आणि कापडी बिल्लेही मोजून बारा. निळ्या कापडावर पिवळ्या दोऱ्यात जिल्ह्याचं नाव. आईने रात्री कंदिलापाशी बसून तो टी-शर्टवर शिवला, कडेने बारीक टाके घालून. मग राज्य स्पर्धा दोन महिने पुढे गेली. त्या दोन महिन्यांत यादी 'सुधारली'. कुणा पुढाऱ्याची भाची आत, आई बाहेर. वर सरांचा निरोप: बिल्ला परत दे, जास्तीचा नाहीये.

दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घेऊन तिने तो उसवला. तो टी-शर्ट मी लहानपणी पाहिलाय. सगळा विटलेला, फक्त छातीवर एक चौकोन गडद, आणि त्याच्या कडेने सुईची भोकं.

म्हणून मला त्या अंतराळवीरांच्या पॅचचं, म्हणजे मोहिमेच्या कापडी बिल्ल्याचं, वेड आहे. हसा. पण त्या तळहाताएवढ्या कापडात सगळं राजकारण असतं. चंद्रावर निघालेल्या अपोलो 13 च्या पॅचवर तीन घोडे आहेत, नाव कुणाचंच नाही. म्हणून उड्डाणाच्या तोंडावर रुबेलाच्या भीतीने केन मॅटिंग्लीला काढून जॅक स्वायगर्टला घेतलं, तेव्हा पॅचवर काही उसवावं लागलं नाही. चंद्रावर ठेवायच्या पाटीवर मात्र मॅटिंग्लीचं नाव कोरलेलं होतं! मग वरून बसवायला स्वायगर्टच्या नावाची दुसरी पाटी कमांडर लोव्हेलच्या हातात दिली. चंद्रावर उतरणंच झालं नाही, पाटी परत घरी आली.

मॅटिंग्ली नशीबवान, दोन वर्षांनी अपोलो 16 मधून गेला. (हे घ्या काका, याला म्हणतात नशीब.)

ग्रेग जार्व्हिसचं काय? हा इंजिनिअर. त्याची जागा पुढे पुढे सरकत राहिली. जानेवारी 1986 च्या कोलंबिया या अंतराळ शटलच्या फेरीतून त्याला काढलं, कारण तिथे अमेरिकेचे एक खासदारसाहेब बसणार होते. बिल नेल्सन. साहेब जाऊन सुखरूप आले. जार्व्हिसला पुढचं यान दिलं, चॅलेंजर. 28 जानेवारी, उडाल्यावर 73 सेकंद, आणि यान फुटलं, आतले सगळे गेले. आणि हेच बिल नेल्सन 2024 मध्ये नासाचे प्रमुख, स्टारलायनर रिकामं परत आणायचं हे जाहीर करायला हेच समोर. हे मला कळलं त्या दिवशी मी आईला फोन करून तावातावाने सांगितलं होतं. पुढाऱ्याची भाची सगळीकडे असते!

असो. नेल्सनला तरी काय माहीत होतं पुढे काय होणार. आणि ती भाचीही पंधरा-सोळाचीच असणार, तिने थोडीच मागितला होता बिल्ला.

आपल्या इस्रोचे एन. सी. भट ठाऊक आहेत कुणाला? 1986 मध्येच इन्सॅट-1सी उपग्रहाबरोबर शटलमधून जायचे होते. चॅलेंजर गेलं आणि ती मोहीमच गेली. त्यांचं फॉरवर्ड कुठे येतं?

माझं म्हणणं एवढंच आहे, माणूस बदला, पण जागा कुणाची होती त्याची खूण राहू द्या. जमतं ते. डिस्कव्हरी शटलच्या पहिल्या फेरीचा, 1984 चा पॅच बघा. नंबर बदलून 41-डी झाला, पण पॅचवर तारे बाराच, कारण ती मूळची बारावी मोहीम. बारा! आईचे बिल्ले पण बाराच. बघा, डोळ्यांत पाणी आलं उगाच.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. काका चांगले आहेत, पाण्याच्या टँकरचं सगळं तेच बघतात.

दुपारी आईकडे गेले तर ती मेथी निवडत होती. तिला क्रू-9 चं सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग त्या पोरी गेल्या का परत?"

म्हटलं, "झीना गेली, ऑगस्ट 2025 ला. क्रू-11 ची कमांडर म्हणून."

"बिल्ला तोच दिला का नवा?"

"नवा गं. प्रत्येक मोहिमेचा वेगळा असतो."

"मग बरंय," म्हणाली, आणि देठं माझ्याकडे सरकवली.