मध्यस्थ उपाशी

"अ‍ॅडॅप्टर आहे ना डिकीत, मग कसली काळजी?" असं मी मे महिन्यातल्या एका सकाळी बायकोला ऐटीत म्हणालो. देवासला मावशीच्या नातवाची मुंज होती. मी, बायको आणि आत्या निघालो होतो. इंदूरच्या सुदामानगरातून देवास, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. आमची विजेची गाडी एका चार्जमध्ये कागदावर एकशेदहा किलोमीटर जाते. उन्हात एसी लावला की सत्तरीतच धापा टाकते.

गाडी निवृत्त सरकारी नोकर आहे. 2017 मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीने 10,000 विजेच्या गाड्यांचं टेंडर काढलं, त्या काळातली. कुठल्याशा खात्यात साहेब वाहून दमली आणि स्वस्तात माझ्या पदरी पडली. तेव्हाचं फास्ट चार्जिंगचं सरकारी मानक होतं भारत डीसी-001. जास्तीत जास्त 15 किलोवॉट, आणि तोंड चिनी जीबी/टी धाटणीचं, नऊ पिनांचं. पुढे बहुतेक नव्या गाड्यांनी सीसीएस-2 नावाचं वेगळंच तोंड घेतलं, हायवेवर जागोजागी चार्जरच्या केबलला त्याच धाटणीच्या गन, म्हणजे गाडीत खुपसायचे प्लग, लटकायला लागल्या आणि आमची बाई मुकी झाली.

मुकी म्हणजे खरोखरच मुकी. सीसीएसचा चार्जर गाडीशी पीएलसी नावाच्या बोलीत बोलतो, जीबी/टीवाली गाडी कॅन बस नावाच्या दुसऱ्याच बोलीत. त्यामुळे दोघांच्या मधलं अ‍ॅडॅप्टर म्हणजे नुसता प्लग नव्हे, आत चक्क कॉम्प्युटर असतो. इकडचं ऐकायचं, तिकडच्या भाषेत सांगायचं. आम्हा इंदूरच्या मराठी लोकांना यात नवल ते काय? आमची आत्या एका दमात बोलते, "मी म्हटलं त्याला, भिया भाव तो ठीक लगाव, तेव्हा कुठे मेल्याने कोथिंबीर दिली." एवढं साधं काम करायला ते यंत्र जुन्या स्कूटरच्या किमतीला मिळतं, ही गोष्ट मी बायकोला अजून सांगितलेली नाही.

परतीच्या वाटेवर मांगल्याजवळच्या हॉटेलात चार्जर दिसला तेव्हा बॅटरी 14 टक्क्यांवर होती. ती गन एका हाताने उचलत नाही. केबल अजगरासारखी, वळवावी तिकडून परत येते. पाटीवर लिहिलं होतं, अ‍ॅडॅप्टर वापरू नये. तसं त्यात तथ्य आहे. शंभर-दोनशे अँपिअर ढिल्या सांध्यातून गेले तर सांधा भाजून निघतो. पण 14 टक्क्यांवर माणूस पाट्या वाचत नाही. गार्ड मात्र वाचतो.

"ये नी चलेगा भिया."

"चलेगा. ट्रान्सलेटर है."

मी अ‍ॅडॅप्टर गाडीला लावलं, त्यात गन खुपसली, अ‍ॅपमध्ये पैसे भरले, ओटीपी दिला. काही नाही. स्क्रीन म्हणतो, गाडी जोडा. गन काढली, लावली. काढली, पुसली, लावली. देवळात घंटा वाजवावी तसं मी ते चारदा केलं. मग दिसलं की अ‍ॅडॅप्टरचा बारीक दिवाच लागलेला नाही. त्या कॉम्प्युटरला स्वतःची बॅटरी असते आणि ती आधी चार्ज करावी लागते. गाडी चार्ज करायला आलो होतो आणि मध्यस्थच उपाशी.

गार्डने आपला तीन टक्क्यांवर आलेला मोबाइल काढला आणि त्याचा चार्जर अ‍ॅडॅप्टरला लावून दिला. एवढं मोठं मन सख्ख्या मेहुण्याचं नसतं. चाळीस मिनिटं आम्ही त्या ठोकळ्याभोवती बसलो. आत्याने मुंजीचा बुंदीचा लाडू गार्डला दिला, त्याची मुलंबाळं विचारली, थोरलीला स्थळ सुचवलं.

अखेर हिरवा दिवा लुकलुकला. गन लावली. आत टक्‌ झालं, कुलूप बसलं, चार्जरचे पंखे घोंघावले. बायकोने माझ्याकडे आदराने पाहिलं. हे मी तारखेनिशी लक्षात ठेवलंय. आणि स्क्रीनवर लाल चौकट आली.

शेजारच्या नव्या गाडीतला पोरगा उतरला, खोक्यावर वाकला. "काका, गाडी किती व्होल्टची?"

"72."

"मग कसं होणार? हा चार्जर 200 च्या खाली उतरतच नाही. अ‍ॅडॅप्टरवरही लिहिलंय बघा, 200 ते 750."

750 मी वाचलं होतं. घेताना माणूस मोठा आकडा वाचतो.

आत्याने अख्ख्या इंदुरात निदान वीस लग्नं जमवलीत. ती म्हणाली, "मध्यस्थाने नीट सांगितलं रे सगळं. मुलीकडच्यांची ऐपत 72, मुलाकडचे 200 च्या खाली यायला तयार नाहीत. मध्यस्थ बिचारा काय करील?"

गार्डनेच वाट दाखवली. "पीछे चक्की है, पंद्रह अँपियर का सॉकेट है. अर्थिंग भी पक्की है." आमच्या गाडीला अर्थिंग नसलं की ती घास घेत नाही. घरचा चार्जर डिकीत होता. पिठाने पांढऱ्या झालेल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये तो खोचला आणि गाडी लगेच गुपचूप प्यायला लागली. मध्यस्थ नाही, ओटीपी नाही.

गिरणीवाल्याने वही उघडली. "कित्ते किलो?"

मी किलोवॉट आणि युनिट समजावू लागलो. त्याने हात वर केला. "भिया, अपने यहाँ किलो से लिखते हैं."

दोन तासांत चार युनिट गेली. तेवढ्यात आत्याने त्याच्याकडूनच दोन किलो चणाडाळ घेऊन दळूनही घेतली. वहीत गहू दहा, चना दो, आणि खाली गाड़ी चार. हिशेब एकत्रच झाला. बेसनाला गाडीपेक्षा जास्त पडले.

अंधार पडता पडता निघालो. हॉटेलासमोरून जाताना गार्ड दोन्ही हात हलवत रस्त्यात आला. "बघ, किती माया लावली," असं म्हणून आत्यानेही हात हलवला. मी हॉर्न देऊन पुढे गेलो. देवास नाका ओलांडल्यावर बायकोने मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "डिकीतून ही पांढरी वायर कशाची लोंबतेय?"