भुताले थांबाले सांग

वाद पवन्यानं आणला. तो हल्ली शूटिंगवाल्यांना जागा शोधून देतो. वाडा, गोडाऊन, पडका बंगला, काहीही. शनिवारी नागपुरात सदरच्या टपरीवर आला तो थेट सॅमीच्या खांद्यावर हात टाकूनच. "तुमच्यावालं चर्च पाहिजे बे, दोन रात्री. जुनं, दगडी, इंग्रजांच्या टाइमचं. भुताची सिरीज आहे."

सॅमीनं कप खाली ठेवला. "भुताची?"

"मंग का सत्यनारायणाची?"

सॅमी दर रविवारी जातो ते हे चर्च. लहानपणी त्याचे वडील तिथली घंटा वाजवायचे, तो दोराला लोंबकळायचा. त्यामुळे त्याचं तोंड उतरलं, ते आम्हाला समजलं. वकिलाला समजलं नाही. आमच्यात एक वकील आहे, त्याला कुठलाही वाद अर्धवट कळला की पुरतो.

"यात पाप का आहे?" तो सुरू झाला. "हॅरी पॉटर पाह्यला ना? त्या शाळेचे कॉरिडॉर म्हणजे ग्लॉस्टर कॅथेड्रल. चौदाव्या शतकातलं छत, हातपंखा उघडावा तशा दगडी फासळ्या. दुसरा एडवर्ड राजा पुरला आहे त्या चर्चमध्ये. अन् तिथून पोट्टे कांडी घेऊन पळून राह्यले! काही बिघडलं का?"

"ते जादूचं झालं," सॅमी म्हणाला. "येशूवरच बोट ठेवणारं असलं तर?"

तेही झालंय म्हणे. 'द दा विंची कोड' सिनेमावाल्यांना लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेनं साफ नकार दिला. कथेत येशूचं लग्न लावलेलं, ते त्यांना धर्माच्या दृष्टीनं पटेना. लिंकन कॅथेड्रलनं मात्र होकार दिला, आणि देणगी घेतली एक लाख पौंड. २००५ सालच्या भावानं ऐंशी लाखांच्या आसपास. पडद्यावर लिंकनच वेस्टमिन्स्टर झालं. बाहेर एक नन बारा तास प्रार्थना करत बसली, आत कॅमेरे चालू.

"म्हणजे एकानं नाही म्हणाचं अन् दुसऱ्यानं त्याचंच सोंग घ्याचं," सॅमी म्हणाला.

"सोंगच असते भाऊ सिनेमात," वकील म्हणाला. "'द किंग्ज स्पीच'मध्ये ईलीचं कॅथेड्रल वेस्टमिन्स्टर झालं. इकडं आपली वाई घे. 'गंगाजल'मध्ये बिहार, 'दबंग'मध्ये यूपी. ढोल्या गणपती रुसला का?"

गणपती रुसला नसेल, पण घाटावर धुणं धुणाऱ्या बायांना त्या दिवसांत कोणी विचारलं होतं का, हे मी विचारलं. पवन्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. 'हॉट फझ' या इंग्रजी सिनेमाची गोष्ट तर मला त्याहून विचित्र वाटते. शूटिंग इंग्लंडमधल्या वेल्स गावात केलं, आणि तिथलं कॅथेड्रल फ्रेममध्ये फार मोठं दिसतं म्हणून कॉम्प्युटरवर पुसून टाकलं. सोंगसुद्धा नाही दिलं बिचाऱ्याला.

मला खरी भीती भुताची नाही, खिळ्यांची वाटते. मागच्या वर्षी एका नातेवाइकाच्या लग्नात व्हिडिओवाल्यानं जुन्या सागवानी बाकांवर वायरी चिकटपट्टीनं डकवल्या होत्या. काढताना पॉलिशही सोबत निघालं. तो म्हणे, "एडिटिंगमध्ये दिसणार नाही." दगडी भिंतीला लाइटचा स्टँड घासला, फरशीत बसवलेल्या जुन्या स्मृतिशिळेवरून ट्रॉली गेली, की ते पुढच्या शंभर वर्षांसाठी असतं.

"पैशाचं बोल ना," पवन्या सॅमीला म्हणाला. "पावसाळ्यात तुमच्या छतातून पाणी गळते. कवेलू कोण बदलून देणार? मी?"

इथं सॅमी गप्प झाला. गळतं ते खरं आहे. वेदीच्या उजव्या हाताला दोन बादल्या ठेवलेल्या असतात, आम्हीही पाहिल्यात.

वकिलाला वाटलं, जिंकलो. मग त्याला अजून एक आठवलं आणि त्यानंच सगळं बिघडवलं. "लिंकनची मोठी घंटा आहे, ग्रेट टॉम. तासातासाला टोल देते. शूटिंगच्या दिवसांत ती बंद ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पह्यल्यांदा."

"काऊन?" सॅमीनं विचारलं.

"डायलॉगमध्ये येत असन ना आवाज."

कोणी बोललं नाही. टपरीवाल्यानं नवं आधण ठेवलं तेवढाच आवाज. हिटलरसाठी थांबलेली घंटा साठ वर्षांनी डायलॉगसाठी थांबली, हे वकिलालासुद्धा आपल्याच तोंडून ऐकून विचित्र वाटलं असावं. त्यानं खिशातून पेन काढलं, कोणाच्या तरी बिलाच्या मागे लिहायला बसला. खिळा ठोकायचा नाही. वेदीला हात लावायचा नाही. फरशीवर जाड सतरंजी. रविवार सोडून. पैसे आधी, कवेलूच्या नावानं. श्रेयनामावलीत चर्चचं नाव, तेही वाचता येईल एवढ्या अक्षरात. त्या शेवटच्यावर पवन्या अडला. म्हणे, सिरीजमध्ये ते गाव गोव्यात आहे.

"मंग गोव्यातच जा," मी म्हटलं.

"बजेट नाही ना बे!"

"कमिटीले मी विचारतो," सॅमी शेवटी म्हणाला. "हो म्हणतीन का नाही, सांगता नाही येत. पण घंटा आमच्या टायमावरच वाजन."

"टेक चालू असला तर?"

"तर भुताले थांबाले सांग."