डग्लस सर्कचा टीव्ही आणि फासबिंडरची लाथ

प्रेक्षकाला रडवणारा सिनेमा हलका, असं मानणाऱ्यांशी मला एकदा नीट भांडायचंय. साक्षीला आणतोय जर्मन दिग्दर्शक राइनर वेर्नर फासबिंडर.

१९६२ मध्ये जर्मनीतल्या ओबरहाउझन शहरात २६ सिनेमावाल्यांनी जुना जर्मन सिनेमा मेल्याचं जाहीर केलं. पुढे आलेला नवा सिनेमा हुशार होता, पण प्रेक्षकाशी फटकून वागायचा. फासबिंडरचे सुरुवातीचे सिनेमेही तसेच थंड. मग १९७१ मध्ये त्याने डग्लस सर्कचे हॉलीवूडमधले मेलोड्रामे, म्हणजे भावनांनी ओथंबलेले सिनेमे, पाहिले आणि त्यांच्यावर भरभरून लिहिलं.

हा सर्क मूळचा हॅम्बर्गचा, देटलेफ झिअर्क. दुसरी बायको ज्यू, म्हणून १९३७ मध्ये त्याने देश सोडला. पहिली बायको नाझी झालेली. तिने मुलाला बापाला भेटू दिलं नाही. तो मुलगा १९४४ मध्ये पूर्व आघाडीवर मारला गेला. एवढं सोसलेल्या माणसाच्या सिनेमांना कुणी 'बायकांचे रडके सिनेमे' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

त्याच्या 'ऑल दॅट हेवन अलाउज'मध्ये (१९५५) एक विधवा बागकाम करणाऱ्या, वयाने लहान पुरुषाच्या प्रेमात पडते. मुलं ते मोडायला लावतात आणि सोबतीला म्हणून आईला टीव्ही आणून देतात. बंद पडद्यात तिला स्वतःचाच चेहरा दिसतो. फासबिंडरच्या 'फिअर ईट्स द सोल'मध्ये (१९७४) साठीची एमी म्युनिकमध्ये साफसफाईची कामं करते आणि मोरोक्कोहून आलेल्या कामगाराशी, आलीशी, लग्न करते. ती हे मुलांना सांगते तेव्हा एक मुलगा उठून लाथेने तिचा टीव्ही फोडतो.

पण फासबिंडरने नुसती उचलेगिरी केली नाही. सर्कच्या नायिकेला छळणारे त्या जोडीबाहेरचे होते. इथे तोच मुलगा नंतर टीव्हीचा चेक घेऊन येतो, कारण त्याला पोर सांभाळायला आई हवी असते. आलीला माल नाकारणारा वाणी गिऱ्हाईक तुटतंय म्हणून गोड बोलू लागतो. आणि लोकांनी जवळ केल्यावर एमीच आलीचे दंड मैत्रिणींना दाखवते, त्याला कुसकुस हा त्याच्या देशातला पदार्थ करून द्यायला नकार देते. लग्नाचं जेवण त्या दोघांनी घेतलेलं असतं हिटलरच्या आवडत्या हॉटेलात, आणि हे एमी किती सहज सांगते! युद्धानंतरच्या जर्मनीचं इतकं नेमकं चित्र मला कुठल्याही कोरड्या, वैचारिक सिनेमात सापडलेलं नाही. ते सापडलं ते रडू आणणाऱ्या सिनेमात, कारण एमीवर जीव जडलेला असतो म्हणूनच तिचं वागणं आपल्याला लागतं.

शेवटी आली अल्सरने कोसळतो. डॉक्टर म्हणतो, परदेशी कामगारांमध्ये हे नेहमीचंच. सहा महिन्यांनी हा पुन्हा इथेच येईल. सर्कच्या शेवटात निदान खिडकीबाहेर हरीण तरी येतं.

दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा. आधी सर्कचाच, आणि अर्ध्यावर सोडू नका.