‘अगापे’ आणि ‘फिलिया’: पेत्राच्या उत्तराचा चुकीचा अर्थ

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे : ग्रीक भाषेत ‘अगापे’ म्हणजे केवळ देवाचे निःस्वार्थ प्रेम आणि ‘फिलिया’ म्हणजे माणसाची साधी मैत्री, योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात येशू आपला शिष्य पेत्र याला ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असे तीनदा विचारतो, त्यात तो दोनदा ‘अगापे’ मागतो, पेत्र मात्र ‘फिलिया’च देऊ करतो, म्हणून तिसऱ्या वेळी येशू आपली अपेक्षा खाली आणतो, आणि ग्रीक न जाणणाऱ्याला हा अर्थ कधीच कळणार नाही.

पहिला मुद्दा शास्त्रवचनांपुढेच टिकत नाही. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, २ शमुवेल १३ मध्ये, अम्नोनाला आपली सावत्र बहीण तामार हिच्याविषयी वाटणारी जी वासना पुढे बलात्कारापर्यंत जाते, तिच्यासाठी ‘अगापे’चे क्रियापद ‘अगापाओ’ हेच आले आहे. नव्या करारात पौलाचा सोबती देमास त्याला सोडून जातो तो जगावरच्या ‘अगापे’मुळे (२ तीमथ्य ४:१०), आणि योहान ३:१९ मधील माणसे अंधारावर करतात तेही तेच. उलट, पिता पुत्रावर प्रीती करतो हे सांगताना योहान ३:३५ मध्ये ‘अगापाओ’ येते, तर ५:२० मध्ये ‘फिलेओ’, म्हणजे ‘फिलिया’चे क्रियापद. तेव्हा दुसऱ्या ठिकाणी पित्याची प्रीती उणावली, असे संदेश लिहिणाराही म्हणणार नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण या दोन क्रियापदांत भेद मानणारे जाणते अभ्यासक होऊन गेले आहेत. तरीही त्याच संवादात योहान ‘कोकरे’ आणि ‘मेंढरे’, ‘चारणे’ आणि ‘पाळणे’ असे शब्द बदलत जातो, ‘जाणणे’ यासाठीसुद्धा दोन क्रियापदे वापरतो, आणि त्या जोड्यांवर कोणी सिद्धान्त उभारत नाही. तालमीतला वस्ताद एकाच पैलवानाला आधी ‘पोरगं’ आणि मग ‘गडी’ म्हणतो, म्हणून आपण आखाड्यात दोघांना शोधत नाही. शिवाय, कमी दर्जाचे प्रेम देऊ करणारा पेत्र ‘नाही, तेवढे जमणार नाही’ असे म्हणाला असता. तो तर पहिल्या दोन्ही वेळी ‘होय, प्रभू’ म्हणतो. १७ व्या वचनात तो दुःखी होतो ते येशूने ‘तिसऱ्यांदा’ विचारले म्हणून, म्हणजे योहानाच्या लेखी तिन्ही वेळा प्रश्न एकच आहे.

त्या तीन प्रश्नांमागे पेत्राचे तीन नकार आहेत : येशूला अटक झाली त्या रात्री त्याने येशूला तीनदा नाकारले होते. मूळ ग्रीक येथे खरोखर उपयोगी पडते, पण संदेश त्याकडे फिरकतही नाही. किनाऱ्यावर येशूने पेटवलेल्या कोळशांच्या विस्तवासाठी २१:९ मध्ये जो ‘आन्थ्राकिया’ शब्द आहे, तो नव्या करारात आणखी एकदाच येतो : १८:१८ मध्ये, जेथे पेत्र शेकत उभा राहून येशूला नाकारतो. मात्र हा धागा पकडायला ग्रीक यावेच लागते असे नाही. दोन्ही अध्याय शेजारी ठेवून सावकाश वाचले तरी तो मराठीत सापडतो.

यातच तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर आले. पंडिता रमाबाईंनी केडगावी हिब्रू आणि ग्रीक शिकून, १९२२ मध्ये निधन होईपर्यंत, संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम केले, ते अल्पशिक्षित बायकांनाही ते स्वतः वाचून समजावे म्हणून. संदेश नेमका त्याच वाचकांना दाराबाहेर उभे करतो.