पकडल्यानंतरचा प्रश्न

पुण्यात मे २०२४ मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाकडून झालेल्या अपघाताचा विषय आमच्या शाळेच्या गटात अजूनही निघतो आणि दरवेळी ३०० शब्दांच्या निबंधापाशी येऊन थांबतो. दोन तरुण जीव गेले असताना जामिनासाठी निबंध लिहिण्याची अट घातली, याचा संताप मलाही आला होता. परंतु त्याच आदेशात समुपदेशनाची आणि दारू सोडण्यासाठी उपचार घेण्याचीही अट होती. तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही, याची मला आता अधिक चीड येते. ‘जन्मभर परवाना देऊ नका’ आणि ‘पहिलीच चूक आहे’ या दोन टोकांमध्ये, पकडलेला माणूस पुन्हा पिऊन गाडी चालवील का, हे कोणी विचारतच नाही.

मी राहतो त्या जर्मनीत कोणी भारतातले कायदे ढिले म्हटले, की मी लगेच आकडे पुढे करतो. आपली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.३ प्रोमिल (दर हजारी प्रमाण), इथली ०.५. फरक पडतो तो पकडल्यानंतर. इथे १.६ प्रोमिल किंवा अधिक निघाले, तर गुन्हा पहिला असला तरी एमपीयू, म्हणजे गाडी चालवण्याच्या योग्यतेची वैद्यकीय-मानसशास्त्रीय तपासणी, पार केल्याशिवाय परवाना परत मिळत नाही, कारण इतकी दारू चढवून जो गाडी हाकू शकतो, त्याच्या शरीराला ती सरावलेली असते. किती, केव्हापासून आणि कशापायी पिता, हे मानसशास्त्रज्ञ खोदून विचारतात. व्यसन आढळले, तर साधारण वर्षभर दारूला स्पर्श केला नाही, हे सिद्ध करावे लागते; त्यासाठी केसही तपासतात, आणि एक सेंटिमीटर केस जवळपास एका महिन्याचा हिशेब देतो.

आपल्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ दंड आणि कैद सांगते. कलम १९ नुसार सराईत मद्यपीला परवान्यासाठी अपात्रही ठरवता येते. तो सराईत आहे हे ओळखायचे कसे, हे मात्र त्या कलमात नाही.

माझे एक काका पिऊन गाडी चालवतात. ‘कितीही घेतली तरी हात हलत नाही’, असे आमच्या घरात कौतुकाने सांगितले जाते, आणि मीही ते सांगितले आहे. ते कौतुक म्हणजे लक्षण आहे, हे मला इथे आल्यावर कळले. तरीही गेल्या सुट्टीत रात्री ते मला न्यायला आले, तेव्हा तोंडाला वास येत असताना मी शेजारी बसलो, पट्टा लावला आणि गप्प राहिलो. इथे सहकाऱ्याकडून किल्ली मागून घेताना मला संकोच वाटत नाही. तिथे मी पुतण्या होतो. हे सारे गटात लिहायला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा पुसून टाकले, कारण त्या गटात काकांचा मुलगाही आहे.