‘डिस्कसुद्धा सडतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की जी मालिका पुन्हापुन्हा बघावीशी वाटते ती डिस्कवर घेऊन ठेवा, ओटीटीच्या भरवशावर राहू नका. त्यावर एक प्रतिक्रिया आली. ती आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी कुणाच्या तोंडी शब्द घातले असं व्हायला नको.

‘तुमच्यासारखे लोक प्लास्टिकचे डबे रचतात आणि त्याला जतन म्हणतात. डिस्कसुद्धा सडतात, हे लिहायला सोयीस्करपणे विसरलात. प्लेअर बनवणं कंपन्या बंद करतायत, घरात जागा नाही, आणि एका वर्गणीत शेकडो मालिका मिळत असताना हा खटाटोप कशाला? शिवाय दुहेरी थराच्या डीव्हीडीत ९.४ जीबी मावत नाही. आधी अभ्यास करा, मग उपदेश करा.’

९.४ची चूक माझीच. एका बाजूने वाचायच्या दुहेरी थराच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मावतं. ९.४ हा आकडा दोन्ही बाजूंना एकेक थर असलेल्या, उलटून लावायच्या डिस्कचा. लेखात दुरुस्ती केली आहे. दाखवून दिल्याबद्दल आभार, आणि हे आभार मनापासून आहेत.

आता उरलेलं. ‘तुमच्यासारखे लोक’ म्हणजे कोण? आपली ओळख नाही, पाळख नाही. ‘सोयीस्करपणे विसरलात’ म्हणजे मला माहीत होतं आणि मी मुद्दाम लपवलं. ही शंका नाही, हा आरोप आहे. ‘डिस्क सडतात असं ऐकलंय, त्याचं काय?’ एवढं विचारलं असतंत तर चार ओळींत उत्तर दिलं असतं. वीसहून जास्त वर्षं मी डिस्क घेतोय, धुतोय, तपासतोय, त्यांच्या प्रती काढून ठेवतोय. मला ‘आधी अभ्यास करा’ म्हणणाऱ्याने निदान कोणती डिस्क, कोणत्या काळातली, कशी सडली, यातलं एखादं तरी सांगायला हवं होतं. तुम्ही एक वाक्य टाकून मोकळे झालात. त्या एका वाक्याबद्दलच आता सविस्तर बोलू.

डिस्क सडते, हे खरं आहे. पण ‘सडते’ या एका शब्दात तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत.

पहिली गोष्ट सीडीची. सीडीत धातूचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, वर फक्त लॅकरचा पातळ लेप. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात साधारण १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या बऱ्याच सीडी तांबूस पडत गेल्या, कारण तिथलं लॅकर सोबतच्या पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकापुढे टिकलं नाही. दुसरी गोष्ट घरी लिहिलेल्या डिस्कची. त्यात माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात असते, आणि तो रंग उजेडाने आणि उष्णतेने उतरतो. कुणी टीव्हीवरून रेकॉर्ड करून दिलेली डीव्हीडी-आर गेली, म्हणून कारखान्यात छापलेली डिस्कही जाणार असं होत नाही.

तिसरी गोष्ट छापील डीव्हीडीची, आणि आपला विषय तोच आहे. डीव्हीडी १.२ मिलिमीटर जाडीची असते, पण ती एक चकती नसते. ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि धातूचे थर त्यांच्या मधोमध असतात. म्हणजे सगळा भरवसा त्या गोंदावर. गोंद सुटला की हवा आणि ओलावा आत शिरतो आणि ॲल्युमिनिअम काळवंडतं. वॉर्नरच्या २००६ ते २००९च्या सुमाराच्या कितीतरी डीव्हीडी अशाच गेल्या. २०२५ साली कंपनीने ते मान्य करून शक्य तिथे बदलून द्यायची तयारीही दाखवली. आता नीट बघा, हा एका काळातल्या, एका प्रकारच्या उत्पादनाचा दोष आहे. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या डिस्क शेजारच्याच खणात ठणठणीत असतात. ‘डिस्क सडतात’ असं सरसकट म्हटलं की हा फरक पुसला जातो, आणि ज्याच्याकडे खरंच त्या काळातल्या डिस्क आहेत त्याला आज काय करायचं हेच कळत नाही.

ते काय करायचं, ते सांगतो.

डिस्क दिव्यासमोर धरून बघा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं, कडेपासून आत सरकणारे ढगाळ डाग, दुधट कडा यांतलं काही दिसलं तर ती डिस्क त्याच दिवशी कॉपी करायला घ्या. पण काही दिसलं नाही म्हणजे डिस्क चांगली, असं समजू नका. पहिला भाग लावून बघितला, चालला, म्हणजे झालं, हे तर मुळीच नाही. मालिकांच्या डिस्कमध्ये खरी मेख इथेच आहे. दुहेरी थराच्या बहुतेक चित्रपट-मालिकांच्या डीव्हीडीत पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत. चव्वेचाळीस मिनिटांचे चार भाग असलेली भरगच्च डिस्क घ्या. पहिला भाग मध्याजवळ सुरू होतो, दुसऱ्याच्या शेवटी लेझर बाहेरच्या कडेला पोचतो, थर बदलतो आणि तिसरा भाग कडेपासूनच सुरू होतो. चौथा परत मध्याशी येऊन संपतो. गोंद सुटायला लागतो तो बहुतेकदा कडेपासून. म्हणून पहिला आणि चौथा भाग स्वच्छ चालतात, आणि दुसऱ्याची शेवटची दहा मिनिटं किंवा तिसऱ्याची सुरुवात अडकते. तपासायचं असेल तर तिथे तपासा. त्याहून बरं म्हणजे पूर्ण डिस्क पहिल्या सेक्टरपासून (म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यापासून) शेवटच्यापर्यंत एकदा वाचून घ्या.

वाचून घ्या म्हणजे कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालून प्रत काढा. आपलीच डिस्क असली तरी प्रत काढता येऊ नये म्हणून घातलेलं तिचं कुलूप तोडणं काही देशांत कायद्यात बसत नाही. तुमच्या देशातला कायदा आधी बघा. मेकएमकेव्हीसारखा प्रोग्रॅम चित्र आणि आवाज आणखी न आकसता जसाच्या तसा उतरवतो. डिस्क उघडल्यावर टायटलची यादी येते. त्यात चार भाग असतात आणि बहुतेकदा १७६ मिनिटांचं एक पाचवं टायटलही असतं. ते ‘सगळे भाग एकत्र चालवा’चं. त्याची खूण काढा, नाहीतर तोच मजकूर दोनदा उतरतो. टायटलचा क्रमांक आणि भागाचा क्रमांक जुळेलच असं नाही. टायटल ३ हा पहिला भाग निघाल्याची उदाहरणं हवी तेवढी आहेत. म्हणून प्रत्येक फाइल उघडून सुरुवातीची नावपट्टी बघायची आणि मगच सीझन व भागाचा क्रमांक घालून नाव द्यायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलंत तर सहा महिन्यांनी वीस बेनाव फाइली घेऊन बसाल.

मध्येच वाचन अडकलं तर डिस्क फेकू नका. आधी धुवा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर. पुसायचं मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल कधीच नाही. कारण साधं आहे. डिस्कवरची माहिती गोल फिरत जाणाऱ्या एकाच वाटेवर लिहिलेली असते. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यातला जरासाच तुकडा खातो, आणि तेवढी तूट भरून काढायची सोय डिस्कच्या रचनेतच असते. वाटेला धरून गेलेला ओरखडा सलग माहिती खातो, आणि तिथे ती सोय हात टेकते. धुऊन जमलं नाही तर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह लावा. एका ड्राइव्हला न वाचलेली डिस्क दुसरा सहज वाचतो, हे इतक्या वेळा घडतं की एकाच ड्राइव्हच्या निकालावर डिस्क मेली असं म्हणणं घाईचं आहे. तरीही नाही जमलं तर डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम. तो वाचता येतंय तेवढं आधी उचलतो, अडलेल्या जागा नोंदवून ठेवतो आणि मग त्यांवर पुन्हापुन्हा फेऱ्या मारतो. ती नोंदीची फाइल जपा. दुसऱ्या ड्राइव्हवर तीच दिली की तो फक्त राहिलेल्या जागाच वाचतो. डिस्कवर कुलूप असेल तर आधी ड्राइव्हला ते उघडू द्यावं लागतं, नाहीतर कुलूपबंद सेक्टर वाचन-चुका म्हणून दिसतात आणि चांगली डिस्क उगाच सडकी ठरते.

आणि एक गोष्ट डब्यांची, ज्यांची तुम्ही टर उडवलीत. डिस्क काढताना मधली कळ दाबायची आणि मग डिस्क उचलायची. कडेला धरून ओढली की ती वाकते, आणि दोन चिकटवलेल्या चकत्यांना वाकवणं म्हणजे गोंदावरच ताण. मधल्या भोकाभोवती केसासारख्या चिरा पडतात त्या याच्यामुळेच. एकाच खुंटीवर चार डिस्क चढवलेले सेट आणि पुठ्ठ्याच्या खोबणीत डिस्क सरकवायचे सेट हे दोन्ही वाईट. ते आले की डिस्क काढून साध्या पाकिटांत उभ्या ठेवाव्यात.

एवढं सगळं का लिहिलं? डिस्क बिघडते तेव्हा ती डोळ्यांना दिसते किंवा ड्राइव्ह सांगतो, आणि पुढे मला माझ्या हाताने काहीतरी करता येतं, म्हणून. ओटीटीवर जे सडतं त्याचं काय? ‘विलो’ ही मालिका डिस्ने प्लसवर ३० नोव्हेंबर २०२२ला सुरू झाली आणि २६ मे २०२३ला तिथून काढली गेली. पुरते सहा महिनेही नाहीत. तिची डिस्क निघालेली नव्हती. ती कुणी कशी धुवायची, कोणत्या ड्राइव्हमध्ये घालायची? ‘द सिम्पसन्स’च्या तिसऱ्या सीझनचा पहिलाच भाग २०१९ साली प्रसारणातून आणि ओटीटीवरून मागे घेतला गेला. २००३च्या डीव्हीडी सेटमध्ये तो आहे तसा आहे. तीच मालिका २०१९च्या नोव्हेंबरात डिस्ने प्लसवर आली ती जुने चौकोनी भाग वरून-खालून कापून, रुंद करून. ४:३चं चित्र १६:९ केलं की पाव भाग जातो. एका भागात तीन वेगवेगळ्या नावांच्या बिअर वरच्या एकाच नळीतून भरल्या जातात, हाच विनोद. नळीच कापली गेली. मूळ आकार निवडायची सोय व्हायला २०२०चा मे उजाडला. मधल्या काळात बघणाऱ्याला काही चुकलंय हे कळायचीसुद्धा सोय नव्हती.

‘मग डिजिटल विकत घ्या’ असं कुणी म्हणेल. फनिमेशन हे ॲनिमेचं ओटीटी २ एप्रिल २०२४ला बंद झालं, तेव्हा लोकांनी डिस्कसोबतचे कोड घालून मिळवलेल्या डिजिटल प्रती त्याच्यासोबत गेल्या. डिस्क मात्र ज्याच्या त्याच्याकडे राहिल्या. २०२३च्या डिसेंबरात प्लेस्टेशनने, ग्राहकांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढले जातील असं कळवलं, आणि ओरड झाल्यावर करार वाढवून ते मागे घेतलं. ओरड झाली म्हणून. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५पासून कायदाच आहे की असा फक्त परवाना देणार असाल तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी करा’ म्हणू नका.

डिस्कवर येतं ते सगळं शुद्ध, असं मात्र मी म्हटलेलं नाही आणि आजही म्हणत नाही. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ या अमेरिकी मालिकेचा पहिला सीझन डीव्हीडीवर आला तेव्हा त्यातली बरीच गाणी हक्कांपायी बदललेली होती. २०१४च्या संचात त्यातली पुष्कळशी परत आली. म्हणून एकाच मालिकेचे दोन संच असतील तर कोणता घ्यायचा हे आधी शोधावं लागतं. पाल पद्धतीच्या, म्हणजे युरोप-भारताकडच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीत २४ फ्रेमचं चित्रीकरण २५च्या वेगाने चालवलेलं असतं, त्यामुळे चव्वेचाळीस मिनिटांचा भाग साधारण सव्वाबेचाळीस मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. ज्याला हे खटकतं त्याने दुसऱ्या प्रदेशाचा संच घ्यावा आणि आपला ड्राइव्ह त्या प्रदेशाच्या डिस्क चालवतो का ते आधी बघावं.

तुमचे बाकीचे मुद्दे. प्लेअर बनवणाऱ्या काही कंपन्या थांबल्या, हो. कॉम्प्युटरला जोडायचा ड्राइव्ह मिळतो, आणि प्रत एकदा काढली की प्लेअर लागत नाही. जागा : प्रती हार्ड डिस्कवर ठेवल्या तर सहा दुहेरी थरांच्या डीव्हीडीचा सीझन फार तर ५१ जीबी, ब्लू-रेचा फार तर ३००. आणि वर्गणी बंद करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा, शक्यतो राग बाजूला ठेवून.

आणि खरंच तुमची एखादी डिस्क सडली असेल तर ती उजेडात धरा. आतल्या पारदर्शक कड्याजवळ आयएफपीआय (IFPI) या अक्षरांनी सुरू होणारे बारीक कोड असतात, एक मास्टरिंगचा, एक साच्याचा. मालिकेचं नाव, सीझन, डिस्कचा क्रमांक आणि ते दोन्ही कोड इथे लिहा. ज्यांच्याकडे त्याच साच्यातली डिस्क असेल ते निदान आज रात्री ती वाचून ठेवतील.